घरात भिंतीपलीकडेही चालणारे ब्लूटूथ मोकळ्या मैदानावर का तुटते?

पहाटफेरी (प्रश्न)

नमस्कार. गेले दोन महिने मला एक कोडे पडले आहे. दुकानदाराकडून त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून ते येथे मांडतो.

मी रोज सकाळी सहा वाजता घराजवळच्या मैदानावर पाऊण तास चालतो. कानांत बिनतारी इअरबड असतात, फोन पँटच्या मागच्या उजव्या खिशात असतो आणि बहुधा एखादे नाट्यगीत किंवा व्याख्यान चालू असते. मैदानाच्या मध्यावर पोहोचलो की आवाज तुटू लागतो. आधी एखादा शब्द गळतो, मग अर्धी ओळ गळते आणि कधी कधी क्षणभर काहीच ऐकू येत नाही. कुंपणाच्या भिंतीला लागून चालू लागलो की मात्र तोच आवाज बऱ्यापैकी सुरळीत होतो. घरी तर याच्या अगदी उलट प्रकार आहे. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला असतो, मी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत असतो, मध्ये दोन भिंती आणि सहज २५ फुटांचे अंतर असते, तरीही एक अक्षर तुटत नाही. मैदानावर फोन आणि कान यांच्यात जेमतेम अडीच फूट अंतर आहे आणि मध्ये भिंत तर सोडाच, झाडसुद्धा नाही. दुकानदाराने इअरबड सदोष असल्याचे सांगून जोडी बदलून दिली, पण नव्या जोडीचेही तेच रडगाणे आहे.

याला जोडूनच दुसरी शंका अशी, की सकाळच्या लोकलच्या डब्यात पन्नास-साठ जणांच्या कानांत असेच इअरबड असतात. ते सगळे एकाच जातीच्या रेडिओलहरी वापरत असतील, तर माझ्या कानात शेजाऱ्याचे गाणे का वाजत नाही?

अर्धी_वीत

आपल्या पहिल्या कोड्याचे उत्तर आपण दिलेल्या भिंतीच्या तपशिलातच आहे. मी तंत्रनिकेतनात बरीच वर्षे दूरसंचार हा विषय शिकवला आहे आणि हा प्रश्न परीक्षेत घालावा असे मला नेहमी वाटत असे.

मैदानावर मध्ये काहीच नाही, असे आपण म्हणता. तेथे आपण स्वतः आहात. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि त्यांची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीच्या जवळपास भरते. इतकी आखूड लहर माणसाच्या धडासारख्या मोठ्या अडथळ्याला सहज वळसा घालून पलीकडे जात नाही. शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि या पट्ट्यातल्या लहरी पाणी चांगल्यापैकी शोषून घेते. फोन उजव्या नितंबाला चिकटलेला आणि संदेश घेणारा इअरबड डाव्या कानात असेल, तर त्या अडीच फुटांच्या वाटेत कंबर, पाठ, खांदा आणि डोके असा सगळा पाणथळ मुलूख येतो. त्या मानाने कोरडी विटांची भिंत बरीच उदार असते.

मग घरी हेच शरीर आड येऊनही आवाज का तुटत नाही? कारण घरात लहर सरळ वाटेनेच आली पाहिजे असे बंधन नसते. ती छतावर, फरशीवर, लोखंडी कपाटावर, फ्रिजच्या दारावर आपटून परतते आणि चार वाटांपैकी कुठल्या ना कुठल्या वाटेने कानापर्यंत पोहोचते. मैदानावर छत नाही, कपाट नाही, वर फक्त आभाळ आहे, आणि तिकडे गेलेली लहर परत येत नाही. उरते ती जमीन, आणि तिच्यावरून परतणारा अंश बेताचाच असतो. आपण कुंपणाजवळ जाता तेव्हा भिंत आरशाचे काम करते, म्हणून आवाज सुधारतो.

शक्तीचाही विचार करावा. ब्लूटूथच्या दुसऱ्या वर्गातील उपकरणाला जास्तीत जास्त २.५ मिलिवॉट शक्ती वापरता येते आणि त्याचा ढोबळ पल्ला १० मीटर मानला जातो. तोच फोन दूरच्या टॉवरशी फोर-जीवर बोलताना २०० मिलिवॉटपर्यंत जाऊ शकतो. ब्लूटूथ मुद्दामच कुजबुजते, कारण इअरबडमधली इवलीशी बॅटरी काही तास पुरवायची असते.

येथे एक गैरसमज दूर करतो. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे हा पाण्याचा खास 'स्वतःचा' सूर आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. पाणी फार मोठ्या पट्ट्यातल्या लहरी शोषते आणि २.४५ या आकड्यात पाण्याच्या दृष्टीने काही विशेष नाही. हा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या उपयोगासाठी मोकळा ठेवलेला होता, म्हणून भट्टी तेथे आली आणि पुढे ब्लूटूथ व वाय-फायही तेथेच आले. भारतात जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. आज आपण परवाना न काढता कानात रेडिओ घालून फिरतो, ते या सवलतीमुळे.

उद्या एक प्रयोग करावा. मैदानाच्या मध्यावर, जेथे आवाज हमखास तुटतो तेथे उभे राहून फोन प्रथम मागच्या खिशात ठेवावा, मग छातीसमोर हातात धरावा, मग सदऱ्याच्या खिशात ठेवावा. काय दिसते ते येथे कळवावे.

घेऊन_टाका

एवढा खल करण्यापेक्षा ब्लूटूथ ५ किंवा त्यापुढची आवृत्ती असलेला फोन आणि इअरबड घ्यावेत. पाचव्या आवृत्तीत पल्ला चौपट झाला आहे, असे खोक्यावरच लिहिलेले असते. माझ्या मते हा प्रश्न जुन्या उपकरणांचा आहे.

अर्धी_वीत

@घेऊन_टाका, खोक्यावरचे वाक्य खोटे नाही, पण ते दुसऱ्याच गोष्टीविषयी आहे. ब्लूटूथ या एका नावाखाली दोन वेगळे रेडिओ नांदतात. एक जुना, ज्याच्यावरून आजही बहुतेक इअरबडचे गाणे जाते. दुसरा २०१० मधील ४.० आवृत्तीत आलेला कमी ऊर्जेचा, जो मनगटी घड्याळे आणि संवेदक वापरतात. डिसेंबर २०१६ मधील पाचव्या आवृत्तीचा चौपट पल्ला या दुसऱ्या रेडिओचा आहे, आणि तोही वेग सेकंदाला १२५ किलोबिटपर्यंत खाली आणून, तीच माहिती पुन्हा पुन्हा गुंफून पाठवल्यावर मिळणारा. शेतातल्या ओलाव्याचा आकडा घरापर्यंत आणायला ती सोय उत्तम आहे. जुन्या रेडिओवरून जाणाऱ्या नाट्यगीताला तिचा काहीच उपयोग नाही. नव्या उपकरणाचा ॲन्टेना चांगला असेल तर फरक पडेल, पण त्याचे श्रेय आवृत्तीच्या आकड्याला देऊ नये.

माधुकरी

दुसऱ्या शंकेचे, म्हणजे लोकलच्या डब्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

जुन्या ब्लूटूथने २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ या पट्ट्याचे एकेक मेगाहर्ट्झ रुंदीचे ७९ भाग केले आहेत. जोडलेली दोन उपकरणे एका भागावर ठाण मांडून बसत नाहीत. वेळेचे ६२५ मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडलेले असतात आणि तुकडा बदलला की दोघेही मिळून दुसऱ्या भागावर उडी मारतात. म्हणजे सेकंदाला १६०० उड्या.

पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत असत. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे, बुधवारी आणखी कोणाकडे. ज्याला त्या मुलाचे वार पाठ आहेत, त्याला आज तो कोणत्या घरी भेटेल हे न विचारता कळते, आणि ज्याला पाठ नाहीत त्याने सगळ्या पेठा पालथ्या घातल्या तरी मुलगा हाती लागेलच असे नाही. आपला फोन आणि इअरबड यांना एकमेकांचे वार पाठ असतात. उड्यांचा क्रम फोनच्या ४८ बिटांच्या पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या ओळख-क्रमांकावरून, आणि त्याच्या घड्याळावरून गणिताने ठरतो, आणि जोडणी होताना या दोन्ही गोष्टी इअरबडला कळतात. शेजाऱ्याच्या फोनचा पत्ता वेगळा आणि घड्याळही वेगळे, त्यामुळे त्याचे वारही वेगळे पडतात. क्वचित दोघे एकाच क्षणी एकाच घरी पोहोचतात. तेव्हा दोघांचेही पाकीट, म्हणजे त्या वेळी पाठवलेली माहिती, बिघडते, पण पुढच्या उडीला ते पुन्हा पांगलेले असतात आणि हरवलेले पाकीट पुन्हा मागवून घेतले जाते. इअरबडमध्ये दोन-एक दशांश सेकंदांचा आवाज साठवलेला असतो, तोवर ही उसनवारी भागते आणि कानाला पत्ता लागत नाही.

याच्या पुढची युक्ती मला अधिक आवडते. एखाद्या घरी सुतक आले की तो वार वगळावा लागे. ब्लूटूथच्या १.२ या २००३ मधील आवृत्तीपासून उपकरणे असेच करतात. वाय-फायची एक वाहिनी सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असते, म्हणजे ७९ पैकी वीस-एक घरे ती एकटी अडवून बसते. आपली पाकिटे कुठल्या घरांत सारखी बिघडतात याची नोंद फोन ठेवतो आणि ती घरे क्रमातून वगळतो. मात्र वगळता वगळता निदान २० घरे शिल्लक राहिलीच पाहिजेत, असा नियम आहे.

उडी मारण्याची ही कल्पना ब्लूटूथहून फार जुनी आहे. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाईल यांना १९४२ मध्ये पाणतीराच्या रेडिओ-नियंत्रणासाठी अशाच उड्यांचे पेटंट मिळाले होते. त्यात यांत्रिक पियानोत असतात तशा भोके पाडलेल्या कागदी गुंडाळ्या वापरून ८८ कंप्रतांवर उड्या मारण्याची योजना होती. अमेरिकी नौदलाने युद्धात ती वापरली नाही. 'ब्लूटूथचा शोध हेडी लमार यांनी लावला' हे फिरणारे वाक्य मात्र मला अतिरेकी वाटते. ब्लूटूथचे काम १९९४ मध्ये एरिक्सन कंपनीच्या स्वीडनमधील लुंड येथील कार्यालयात सुरू झाले आणि त्यात याप हार्टसेन व स्वेन मॅटिसन यांचा मोठा वाटा होता.

सोल्डरगन

@माधुकरी, सुतकाचा दृष्टान्त मी माझ्या दुकानात वापरणार आहे. एक दुरुस्ती मात्र सुचवते. सेकंदाला १६०० उड्या हा आकडा एका तुकड्यात मावणाऱ्या लहान पाकिटांसाठी आहे. गाणे पाठवताना पाच तुकड्यांइतके लांब पाकीटही वापरले जाते, आणि पाकीट पूर्ण होईपर्यंत उपकरण त्याच भागावर थांबते. त्यामुळे गाणे चालू असताना प्रत्यक्ष उड्या बऱ्याच कमी होतात.

मी लॅपटॉप दुरुस्त करते, म्हणून याच पट्ट्यातली एक वेगळी तक्रार सांगते. गेल्या महिन्यात एक काका माऊस घेऊन आले. 'रोज रात्री हिशेबाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायला घेतली की माऊस अडखळतो, बाकी दिवसभर ठीक असतो,' असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी दोन माऊस बदलून पाहिले होते. मी डिस्क लावली, प्रत उतरवायला सुरुवात केली, आणि पडद्यावरचा बाण खरोखरच बेडकासारखा उड्या मारू लागला. माऊसचा नखाएवढा रिसीव्हर डिस्कच्या केबलला खेटून शेजारच्याच खाचेत बसवलेला होता. तो काढून एका हातभर लांबीच्या जोडकेबलने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि बाण सरळ चालू लागला.

दोष माऊसचा नव्हता. यूएसबी ३.० ची केबल सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती नेते आणि त्या धावपळीत तिच्यातून होणारा रेडिओ-गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले होते. येथे सुतकाची युक्तीही अपुरी पडते, कारण वाय-फाय वीस घरे अडवते, हा गोंगाट मात्र सगळ्या पेठेवरच पसरतो. तो माऊस ब्लूटूथचा नव्हता, त्याच पट्ट्यातला खासगी पद्धतीचा होता, पण ब्लूटूथ माऊस आणि हेडफोन यांचेही असेच हाल होतात. चांगले आवरण असलेली केबल घ्यावी आणि रिसीव्हर वीतभर तरी दूर ठेवावा.

पहाटफेरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर, मी आज सकाळी आपण सांगितलेला प्रयोग केला.

मध्यावरच्या क्रिकेटच्या खेळपट्टीजवळ उभा राहिलो. फोन मागच्या उजव्या खिशात असताना मिनिटभरात आवाज सात वेळा तुटला. छातीसमोर धरल्यावर एकदाही तुटला नाही. सदऱ्याच्या डाव्या खिशातही नाही. मग सहज म्हणून फोन पँटच्या मागच्या डाव्या खिशात टाकला, तर आवाज फक्त एकदा तुटला. डावा आणि उजवा खिसा यांत एवढा फरक का पडावा, हे मात्र कळले नाही, कारण कान तर दोन्ही बाजूंना आहेत.

आणखी एक गोष्ट विचारतो. चालताना फोन आला की समोरच्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. त्याच इअरबडमधून क्षणापूर्वी ऐकलेले गाणे मात्र स्वच्छ असते. हेही शरीरामुळेच होते का?

अर्धी_वीत

प्रयोग इतक्या चोखपणे केल्याबद्दल अभिनंदन. सात आणि एक हे आकडे फार बोलके आहेत.

डाव्या-उजव्याचे कारण असे. जुन्या ब्लूटूथमध्ये फोन दोन वेगवेगळ्या इअरबडना एकच गाणे स्वतंत्रपणे पाठवत नाही, कारण ती पद्धत एका फोनसाठी आणि एका हेडफोनसाठी आखलेली होती. म्हणून जोडीतला एक इअरबड मुख्य होतो आणि फोनशी संबंध तो ठेवतो. दुसरा एक तर त्याच्याकडून आवाज घेतो किंवा त्याचे फोनशी चाललेले संभाषण चोरून ऐकतो. आपला मुख्य इअरबड बहुधा डावा आहे. काही जोड्यांत डबीतून जो आधी काढाल तो मुख्य होतो, तेव्हा उद्या उजवा आधी काढून पाहावा. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत दोन्ही कानांना स्वतंत्र प्रवाह मिळण्याची सोय आहे, पण ती फोन आणि इअरबड या दोघांनाही यावी लागते.

संभाषणाच्या आवाजाचे कारण शरीर नव्हे. गाणे ऐकताना माहिती एकाच दिशेने वाहते. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट मागतो, तो दाबून साधारण ३२८ किलोबिटवर आणला तरी कान बहुतांशी फसतो. संभाषणात आपला आवाज उलट दिशेनेही न्यायचा असतो आणि उशीर चालत नाही, त्यामुळे उपकरण गाण्याची पद्धत सोडून संभाषणाची पद्धत धरते. त्या पद्धतीच्या जुन्या रूपात सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेतले जातात, म्हणजे त्याच्या निम्म्या, ४ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे स्वर कापले जातात. 'स' आणि 'श' यांतला फरक ज्या उंच स्वरांत असतो, त्यांचा बराचसा भाग त्यातच जातो. नव्या रूपात १६००० नमुने असतात आणि आवाज बराच सुधारतो, पण गाण्याच्या दर्जाला तोही पोहोचत नाही. शिवाय गाण्यातले हरवलेले पाकीट पुन्हा मागवायला सवड असते. बोलण्यात ती जवळजवळ नसते, त्यामुळे जे हरवले ते हरवले.

घेऊन_टाका

अर्धी_वीत सर, आवृत्तीविषयीचे माझे म्हणणे मागे घेतो. एक शंका मात्र राहते. उड्यांचा क्रम फोनच्या पत्त्यावरून ठरत असेल, तर तो पत्ता कळलेला माणूस डब्यात बसून माझे संभाषण ऐकू शकेल का?

माधुकरी

उडी मारणे म्हणजे कुलूप नव्हे, ही शंका रास्त आहे. योग्य उपकरणे असलेला माणूस उड्यांचा माग काढू शकतो. संरक्षण मिळते ते जोडणीच्या वेळी ठरलेल्या किल्लीमुळे. पूर्वी दोन्हीकडे ०००० किंवा १२३४ टाकावे लागे, आणि त्याच आकड्यावरून किल्ली बनत असल्याने ती तकलादू असे. २००७ मधील २.१ आवृत्तीपासून दोन्ही उपकरणे गुप्त किल्ली हवेतून न पाठवता, गणिताने आपापल्या जागी तयार करतात आणि जपून ठेवतात. म्हणूनच एकदा जोडलेले इअरबड पुढच्या वेळी काही न विचारता जोडले जातात.

फोनला गाडी किंवा लॅपटॉप जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसते. ती जुळते का हे आपण खरोखर पाहावे, अशी अपेक्षा असते. मध्ये तिसराच कोणी बसला असेल, तर संख्या जुळणार नाहीत. इअरबडला पडदाच नसल्यामुळे ही तपासणी होत नाही. त्यामुळे जोडणीचा तो पहिला क्षण थोडा उघडा असतो, नंतरचे संभाषण नाही. म्हणून नवे इअरबड फलाटावर खोके फोडून जोडण्यापेक्षा घरी आणून जोडावेत.

पहाटफेरी

आज उजवा इअरबड डबीतून आधी काढला आणि फोन नेहमीच्याच मागच्या उजव्या खिशात ठेवला. खेळपट्टीजवळ मिनिटभर उभा राहिलो, आवाज दोनदा तुटला. सदऱ्याच्या खिशाइतके हे चांगले नाही, पण सातपेक्षा पुष्कळ बरे आहे. दुकानदाराला पहिली जोडी सदोष नव्हती हे सांगायला संध्याकाळी जाणार आहे.

सोल्डरगन

जाताना इअरबड पुसून न्यावेत. घाम वाळून चार्जिंगच्या टोकांवर थर बसला की एक बाजू चार्ज होत नाही. मग मुख्य कोण आणि दुय्यम कोण हा प्रश्नच उरत नाही, एकच कान वाजतो.